अडलेला निर्णय

मागच्या महिन्यात एका जुन्या क्लायंटकडून मेल आला. लिहिणाऱ्या बाई तिथे नव्याने रुजू झालेल्या मार्केटिंग मॅनेजर. मेल तीन ओळींचा, आणि मधली ओळ अशी : "या साइटची काही स्ट्रॅटेजी तेव्हा ठरली होती का? असल्यास पाठवाल का?"

ठरली होती ना! चांगली ६४ स्लाइडची ठरली होती. मी आणि आमची डिझायनर सात आठवडे त्यावर बसलो होतो. सादरीकरणाच्या दिवशी खोलीत १२ माणसं होती, सगळ्यांनी माना डोलावल्या, फाइल सगळ्यांना मेलने गेली आणि आमचं इनव्हॉइससुद्धा वेळेत पास झालं. आज ती फाइल त्या कंपनीत कुणाकडेच नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसू आलं. कारण मी स्वतः ती शेवटची कधी उघडली होती, तेही आठवेना.

आमचा चार जणांचा स्टुडिओ आहे. साइट, पोर्टल, कंपन्यांच्या आतल्या वापराची छोटी सॉफ्टवेअर असं काम करतो. क्लायंटच्या कामात 'स्ट्रॅटेजी' या प्रकाराचं नेमकं काय करायचं, हे आम्ही आजवर तीनदा ठरवलं आणि त्यातलं दोनदा मोडीत काढलं. ते कसं झालं, ते लिहितेय.

पहिल्यांदा ठरवलं तेव्हा फार विचार नव्हताच. मोठे स्टुडिओ करतात म्हणून आपणही करायचं. प्रपोजलमध्ये पहिलाच टप्पा 'डिस्कव्हरी आणि स्ट्रॅटेजी' असा लिहिला की कागदाला वजन येतं, आणि आकडाही जरा वर लावता येतो. या ६४ स्लाइड त्यातूनच आल्या. स्पर्धकांचा तक्ता होता : नऊ साइट, १४ निकष, हिरवे-लाल ठिपके. चार पर्सोना, म्हणजे कल्पनेतले नमुना-ग्राहक, होत्या, विकत घेतलेल्या हसऱ्या फोटोंसकट. स्वॉटचे चार चौकोन होते आणि चारही चौकोनांत बरोब्बर पाच-पाच मुद्दे. एखाद्या कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके मोजून पाच-पाचच कसे निघाले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. चौकोन रिकामा दिसला की हात शिवशिवतात, तसं झालं असणार.

सादरीकरण संपलं तेव्हा कंपनीचे प्रमुख म्हणाले, "छान झालं. मग होमपेजवर काय असणार?"

मी मनातून चिडले. दोन तास घसा कोरडा करून झाल्यावर हा प्रश्न? वरकरणी म्हणाले, "ते पुढच्या टप्प्यात येईल, सर."

त्यांचा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात नेमका होता, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ६४ स्लाइड पाहूनसुद्धा होमपेजवर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे सांगता येत नव्हतं. माहिती भरपूर होती, पण ठरलेलं काहीच नव्हतं. शेवटच्या स्लाइडवरच्या शिफारशी मला अजून पाठ आहेत : विश्वासार्हता वाढवावी, वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवावं, मांडणीत सातत्य असावं. विश्वासार्हता कमी करावी असं कुणी म्हणणार होतं का? वाक्य उलटं करून पाहिल्यावर ते वेडगळ वाटलं तर ती शिफारस नसते, शुभेच्छा असते. ही चाळणी मी आता दर वेळी लावते आणि स्वतःच लिहिलेली निम्मी वाक्यं कापते.

साइट पुढे बनली, बरी बनली. पण बनवताना त्या ६४ स्लाइडकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. होमपेज शेवटी प्रमुखांना आवडलेल्या एका दुसऱ्या साइटवरून ठरलं.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. स्ट्रॅटेजीचा टप्पाच नको. क्लायंटने सांगावं, आपण बनवावं, दर दोन आठवड्यांनी दाखवावं, चुकलं तर बदलावं. याला आमच्याकडे शास्त्राधारही होता. २००१ साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी एकत्र येऊन अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवत, बदलत जाण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, असं त्यात म्हटलंय. आम्ही ते वाक्य प्रपोजलमध्ये टाकत असू. त्याच जाहीरनाम्यात खाली लिहिलंय की उजव्या बाजूच्या, म्हणजे तुलनेत मागे टाकलेल्या गोष्टींनाही, आराखड्यालाही, किंमत आहे. डाव्या बाजूला जास्त आहे एवढंच. ती ओळ आम्ही सोयीस्करपणे गाळायचो. आम्हीच काय, बहुतेक जण गाळतात.

या काळातलं एक काम मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

प्रशिक्षण देणारी एक संस्था होती. अभ्यासक्रमांची माहिती आणि नावनोंदणी असं पोर्टल हवं होतं. आमचा संपर्क प्रवेश विभागाच्या मॅडमशी. उत्साही बाई, उत्तरं पटापट देणाऱ्या. त्यांना जास्तीत जास्त चौकशा यायला हव्या होत्या, म्हणून अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला मोठं बटण : 'आमच्याशी बोला'. आम्ही केलं. पुढच्या डेमोला कार्यालयीन कामकाज पाहणारे एक सर आले. ते म्हणाले, "आमच्या टेबलावर फोन आधीच थांबत नाहीत. हे बटण खाली घ्या. शुल्क, तारखा, पात्रता सगळं पानावरच द्या, म्हणजे लोक फोन करणार नाहीत." हेही पटण्यासारखंच. आम्ही केलं.

दोन आठवड्यांनी बटण परत वर. मग रंग फिका. मग 'आमच्याशी बोला'च्या जागी 'माहिती मागवा'. मग माहितीपत्रक डाउनलोड करायच्या आधी फोन नंबर भरायची सक्ती. मग सक्ती काढा. तिसऱ्या महिन्यात आमच्या डेव्हलपरने एकाच पानाच्या आवृत्त्या मोजल्या, ११ भरल्या. तो मला म्हणाला, "ताई, यात बटणाचा काही दोष नाही. त्या दोघांचं आपसात ठरलेलं नाही, आणि आपण दोघांनाही हो म्हणतोय."

तोवर मी याला 'फीडबॅक' समजत होते. वापरकर्त्यांना विचारून सोडवू, असंही एकदा सुचवलं होतं. पण वापरकर्ता काय सांगणार? संस्थेला जास्त फोन हवेत की कमी, हे वापरकर्त्याला विचारायचं नसतं. तो त्या संस्थेचा निर्णय, आणि तो घेऊ शकणारा माणूस, म्हणजे संचालक, तीन महिन्यांत आमच्या एकाही मीटिंगला नव्हता. शेवटी पोर्टल सुरू झालं ते दोन्ही गोष्टींसकट : बटणही मोठं आणि माहितीही पूर्ण. त्या कामात आम्हाला घाटा झाला. संस्थेलाही विशेष फायदा झाला नसावा, कारण पुढच्या कामासाठी त्यांनी आम्हाला विचारलं नाही.

त्यानंतर एक दिवस मी कागद घेऊन बसले. संपलेली नऊ कामं डावीकडे लिहिली आणि उजवीकडे प्रत्येक काम कुठे रखडलं ते. मला वाटलं होतं, उजवीकडे 'कंटेंट उशिरा आला', 'स्कोप (कामाचा आवाका) वाढला', 'ब्रीफ अपुरं' असं काहीबाही येईल. आलंही तसंच. पण प्रत्येकासमोर 'का?' असं एकदा विचारत गेले तेव्हा नऊपैकी सहा ठिकाणी तेच निघालं. कंटेंट उशिरा आला, कारण दोन सेवांपैकी पुढे कुठली आणायची हे ठरत नव्हतं. स्कोप वाढला, कारण कुणाला नाही म्हणायचं हे ठरलं नव्हतं. क्लायंटकडे माहितीची वानवा कधीच नव्हती. एखादा निर्णय अडलेला असायचा आणि तो अडलाय हे उघडपणे कुणी म्हणत नव्हतं. आम्ही नव्या कंत्राटदाराच्या उत्साहाने त्याच्यावर वायरफ्रेम, म्हणजे पानांचे कच्चे आराखडे, रचत होतो.

इथे थोडं भाषेबद्दल. मीटिंगमध्ये सगळे 'स्ट्रॅटेजी'च म्हणतात, मीही म्हणते. पण मराठीत एक शब्द आहे, 'धोरणी'. धोरणी माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर जाडजूड अहवाल लिहिणारा येत नाही. कुठे गप्प बसायचं, काय सोडून द्यायचं, कुणाला आधी विश्वासात घ्यायचं हे ज्याला कळतं, तो येतो. आमच्या कामाला लागणारी स्ट्रॅटेजी या अर्थाच्या जास्त जवळची आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

तर तिसऱ्यांदा ठरवलं ते असं : सुरुवातीला दोन आठवड्यांचं छोटं, वेगळं, पैसे घेऊन केलेलं काम. त्याचं फलित एकच पान, आणि त्या पानावर निर्णय. मुख्य कामाचं कोटेशन त्यानंतरच.

ठरवणं सोपं होतं, विकणं महाकठीण. पहिली संधी आली ती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची. मालक स्वतः बोलायला आले. त्यांना नवी साइट हवी होती. कंपनीचा इतिहास, कारखान्याचा व्हिडिओ, सगळं झकपक. त्यांना तीन ठिकाणांहून कोटेशन हवी होती आणि आम्ही तिसरे. मी म्हटलं, आत्ता मी दिलेला आकडा खोटाच असेल. ते म्हणाले, "बाकीच्या दोघांनी तर दिला."

यावर माझ्याकडे एक जुना दाखला होता. सॉफ्टवेअरच्या कामांचा अभ्यास करणारे बॅरी बोहम यांनी १९८१ साली मांडलंय की अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट निघू शकतो किंवा चौथाईही. काय करायचं हे जसजसं ठरत जातं तसतसा हा फरक आवळत येतो. मी कागदावर एक कर्ण्यासारखी आकृती काढून दाखवली. डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळती. मालक इंजिनीयर होते, त्यांना ती पटली. पण पैसे द्यायला तयार झाले ते आकृतीमुळे नाही. मी म्हटलं, "दोन आठवड्यांनी जे पान हातात येईल ते तुमचं. ते घेऊन बाकीच्या दोघांकडे गेलात तरी माझी हरकत नाही." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग करा." माझं ते पानाबद्दलचं वाक्य तेव्हा सहज तोंडून गेलं होतं, आता ते आमच्या प्रपोजलमध्ये छापलेलं असतं. आजवर दोघे जण खरोखर पान घेऊन दुसरीकडे गेले. त्यातले एक परत आले, दुसरे नाही. चालायचंच.

त्या दोन आठवड्यांत आम्ही काय केलं?

पहिल्या दिवशी अ‍ॅनालिटिक्स (साइटवर किती जण आले, काय पाहिलं याची नोंद) उघडलं आणि तिथे खड्डा होता. गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून आकडे गोळा करणं थांबवलं, आणि यांच्याकडे नवी आवृत्ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी बसवली होती. बसवली तीही मूळ सेटिंगवर, ज्यात सविस्तर तपासणीसाठी लागणारी माहिती दोनच महिने साठवली जाते. ती मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते, फक्त एक पर्याय बदलावा लागतो, पण मागचं गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून कुठल्याही क्लायंटचं काम मिळो न मिळो, पहिल्या फोनवरच मी हे सेटिंग बदलायला सांगते. फुकटचा सल्ला म्हणतात तो हाच एक मी देते.

आकडे नाहीत म्हटल्यावर माणसं. कंपनीत फोन घेणाऱ्या एक बाई होत्या, बरीच वर्षं त्याच टेबलावर. मी त्यांना विचारलं, लोक कशासाठी फोन करतात? त्यांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. हिशेबाची असते तशी, उभ्या रेघांची. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली काड्या : चार उभ्या, पाचवी आडवी. डोक्यावर रकान्यांची नावं त्यांच्याच अक्षरात : 'नवीन मशीन', 'सर्व्हिस', 'पार्ट', 'चुकून'. हे कुणी करायला सांगितलं होतं का? "नाही हो. साहेब एकदा म्हणाले होते, फोनच येत नाहीत म्हणून. तेव्हापासून लिहिते." कुणी ती वही कधी मागितली नव्हती.

'पार्ट'चा रकाना दर पानावर खाली समासात उतरलेला होता. 'नवीन मशीन' दिवसाला दोन-तीन काड्या. मी जागेवर बसून शेवटच्या ४० पानांची बेरीज केली. दर दहा फोनमागे सहाहून जास्त फोन सुट्या भागांसाठी होते, आणि त्यांतले बरेचसे एकाच प्रश्नाचे : माझ्या मशीनला कुठल्या नंबरचा पार्ट बसतो? बाईंकडे त्यासाठी आणखी एक वही होती, पण ती त्यांनी दाखवली नाही. "ती माझी आहे," म्हणाल्या.

शिवाय आम्ही सहा ग्राहकांशी बोललो. इथे मालकांनी मला अडवलं होतं : "मी वाचलंय, पाच पुरतात." जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलेलं ते गणित बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं : पाच वापरकर्त्यांबरोबर चाचणी केली तर वापरण्यातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ते गणित तयार स्क्रीनवर लोक कुठे अडखळतात याचं आहे, आणि तेही वापरकर्ते एकाच प्रकारचे असले तर. कंपनीने कुठला धंदा पुढे आणावा हे पाच माणसांना विचारून ठरत नाही. आम्ही सहा जण घेतले ते दोन प्रकारचे : तीन नवं यंत्र घेऊ पाहणारे, तीन आधीपासून वापरणारे. आकड्यांसाठी नाही, वही जे दाखवतेय त्याच्या विरोधात कुणी काही बोलतंय का, हे ऐकायला. कुणी बोललं नाही.

म्हणजे उत्तर समोरच होतं, साइटचं पहिलं काम सुटे भाग शोधून देणं. इतिहास, व्हिडिओ नंतर. एखादी सुबोध कथा असती तर इथे संपली असती. आमचं खरं काम इथून पुढे होतं.

निर्णयाच्या मीटिंगला मी मुद्दाम पाचच माणसं मागितली. १५ जणांच्या कार्यशाळा आणि भिंतभर रंगीत चिठ्ठ्या हा प्रकार मी सोडून दिलाय. त्यात सगळ्यांना बोलल्याचं समाधान मिळतं आणि निर्णय कुणाच्याच नावावर पडत नाही. मालक, विक्रीप्रमुख, सुट्या भागांचे प्रमुख, भांडारातले एक अनुभवी गृहस्थ आणि फोनवरच्या बाई. बाईंना बोलवायचं म्हटल्यावर जरा कुजबुज झाली.

मी वहीची बेरीज मांडली. विक्रीप्रमुख लगेच म्हणाले, "पार्टवाल्यांचे फोन येतात कारण ते अडलेले असतात. ते कुठे जाणार आहेत? साइट नव्या गिऱ्हाइकासाठी हवी." मुद्दा खोटा नव्हता. सुट्या भागांचे प्रमुख काहीच बोलले नाहीत. मला नंतर कळलं की त्यांच्या विभागाचं उत्पन्न विक्रीच्या खात्यात धरलं जायचं की नाही यावरून दोघांत जुनंच धुमसत होतं. मालक दोघांकडे बघून म्हणाले, "दोन्ही करूया की. होमपेजवर दोन्ही ठेवा."

मला ते ११ आवृत्त्यांचं पान आठवलं. आधी मी इथे हो म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "सर, दोन्ही करता येईल, वेळ आणि पैसे दुप्पट लागतील. पण समजा निम्माच वेळ आहे आणि एकच होणार आहे. मग कुठलं?" खोलीत शांतता. मालक म्हणाले, "विचार करून सांगतो."

आठ दिवस फोन नाही. मी मेल केला, उत्तर नाही. आमची डिझायनर म्हणाली, गेलं हे काम. डेव्हलपर म्हणाला, आपण आपलं पान देऊन मोकळं व्हायला हवं होतं, धंदा कसा करायचा हे सांगणं आपलं काम नाही. या वादात मी अजून पूर्णपणे कुठल्याच बाजूची नाही. कंपनीने कुठला धंदा करावा हे आम्ही सांगू नये, हे खरंच. एका कामात मी क्लायंटला एक सेवा बंद करा असं सुचवून बसले होते आणि त्यांनी मला अतिशय नम्रपणे माझी जागा दाखवली. पण हातातल्या कामात दोन निर्णय एकमेकांना खात असतील तर ते दिसताक्षणी म्हणणं, एवढं आमच्याकडे येतं.

नवव्या दिवशी मालकांचा फोन आला. "पार्ट आधी. व्हिडिओ पुढच्या वर्षी बघू. विक्रीवाल्यांशी मी बोललोय." मी विचारलं, हे तुम्ही दोन ओळींत मेलवर लिहाल का? लिहिलं. ती मेल त्या एका पानाच्या अगदी वर चिकटवली. खाली 'आत्ता करणार नाही' या मथळ्याखाली सात गोष्टी होत्या, आणि तो भाग वरच्या भागापेक्षा लांब होता. डिझायनरची सगळ्यात आवडती कल्पना, उभ्या पट्टीवर उलगडत जाणारा कंपनीचा इतिहास, त्या सातांत गेली. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

आता आमची चूक. पान पक्कं होण्याआधी आम्ही एक प्री-मॉर्टेम घेतलं होतं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली ही रीत लिहून मांडली. एरवी काम फसल्यावर पोस्टमॉर्टेम होतं. इथे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगायचं की असं समजा, वर्ष झालंय आणि हे काम सपशेल फसलंय, आता का फसलं ते प्रत्येकाने आपापलं लिहा. 'काही धोके आहेत का?' असं विचारलं की लोक भिडेखातर गप्प बसतात, पण फसलेलंच आहे म्हटल्यावर हात मोकळा होतो. भांडारातल्या गृहस्थांनी चिठ्ठीवर पाचच शब्द लिहिले : 'आमचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत.' मी ती वाचली, 'डेटा स्वच्छ करणे' असं गुळगुळीत नाव दिलं आणि जोखमींच्या यादीत तळाला टाकलं.

प्रत्यक्षात एकाच पार्टला आराखड्यावर एक नंबर, भांडारात दुसरा आणि बिलावर तिसरा होता. काही भागांना चौथाही, पुरवठादाराचा. पार्ट शोधण्याची सोय आम्ही वेळेत बांधली आणि ती दोन महिने नुसती उभी राहिली, कारण तिच्यात घालायला एक खात्रीची यादी नव्हती. ती यादी शेवटी तयार झाली ती फोनवरच्या बाईंच्या दुसऱ्या वहीवरून. लोक फोनवर सांगतात ती बोलीभाषेतली नावं आणि तिन्ही नंबर, सगळं तिथे होतं. या वेळी त्यांनी वही दिली, पण झेरॉक्स काढून लगेच परत करायच्या बोलीवर. त्या नऊ दिवसांत मी फोनची वाट बघण्याऐवजी भांडारात जाऊन एक पार्ट तिन्ही ठिकाणी शोधून पाहिला असता तर हे दोन महिने वाचले असते. आता प्री-मॉर्टेमच्या चिठ्ठ्यांना मी माझी नावं देत नाही. ज्याने लिहिलं त्याच्याच शब्दांत त्या पानावर जातात.

यानंतर हा दोन आठवड्यांचा टप्पा आम्ही सरसकट सगळ्यांना लावू लागलो, आणि तोही मूर्खपणाच झाला. एका क्लायंटला पैसे भरण्याची यंत्रणा बदलून हवी होती, जुनी बंद होणार होती, तारीख ठरलेली. त्यांना मी 'तुमचा अडलेला निर्णय कुठला' असं विचारत बसले. ते म्हणाले, निर्णय झालाय, तुम्ही कामाला कधी लागताय? बरोबर होतं त्यांचं.

म्हणून आता पहिल्या फोनवर मी फक्त तो मालकांना विचारलेला प्रश्न विचारते. वेळ निम्मा झाला तर यातलं काय सोडाल? शक्यतो दोन वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या वेळी. दोघांचं उत्तर पटकन आणि सारखं आलं, तर दोन आठवडे वगैरे काही नको, सरळ कोटेशन. उत्तरं वेगळी आली, तर टप्पा हवाच. 'काहीच सोडता येणार नाही' असं आलं, तर टप्पा हवा आणि अ‍ॅडव्हान्सही जरा जास्त. छोट्या क्लायंटला दोन आठवड्यांचे पैसे परवडत नाहीत, तिथे मी तीन तासांची एकच बैठक घेते आणि तिथल्या तिथे समोर बसून पान लिहिते. ते कच्चं असतं. कधीकधी तेच जास्त टिकतं, का ते मला सांगता येणार नाही. बहुधा सगळ्यांसमोर लिहिलं गेल्यामुळे असेल.

एका गोष्टीवर मात्र मी आता हटून बसते. नाही म्हणायचा अधिकार असलेला माणूस खोलीत नसेल तर बैठक पुढे ढकलायची. यावरून दोन कामं गेलीत. संस्थेच्या त्या मॅडमचा चेहरा आठवला की मला त्याचं फारसं दुःख होत नाही. त्या बिचाऱ्या मनापासून काम करत होत्या, आणि आम्ही त्यांना असा निर्णय विचारत राहिलो जो त्यांच्या हातातच नव्हता.

दर तीन महिन्यांनी ते पान परत उघडायचं असंही आम्ही ठरवलंय. चार क्लायंटपैकी दोघांसोबत होतं. बाकी दोघांची तारीख दर वेळी पुढे जाते.

राहिला मागच्या महिन्यातला मेल. ६४ स्लाइडची फाइल शोधली, सापडली, एकदा चाळली. पर्सोनांचे हसरे फोटो तसेच होते. जोडायला म्हणून मेलवर ओढली आणि परत काढली. त्याऐवजी मॅनेजर बाईंना लिहिलं : तेव्हा एक अहवाल केला होता, हवा असल्यास देते, पण त्याच्यावाचून तुमचं काम अडेल असं वाटत नाही. सध्या या साइटबाबत तुमच्याकडे काय ठरत नाहीये? आणि साइटवरचं निम्मं काढावं लागलं, तर काय काढाल? हाच प्रश्न कृपया तुमच्या प्रमुखांनाही विचाराल का?

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांचं उत्तर एका ओळीत, प्रमुखांचं दुसऱ्या ओळीत. प्रमुखांना जे काढायचं होतं, नेमकं तेच मॅनेजर बाईंना होमपेजवर वर हवं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "हे मला आजच कळलं."

मी दोन आठवड्यांचं कोटेशन पाठवलंय.